दत्तक विमानात बसायची परवानगी

लोक कुत्रं दत्तक घेतात, मांजर घेतात, फारच उत्साह असेल तर प्राणिसंग्रहालयातला एखादा आळशी पाणघोडा घेतात. आमच्या घराने विमान घ्यायचं ठरवलं. तेही असं की शाळेच्या सहलीला आलेली पोरं त्याच्यापाशी थांबतात ती फक्त बुटाची नाडी बांधायला.

झालं असं, की विमानसंग्रहालयाने दारात मोठा फलक लावला: 'विमान दत्तक घ्या!' एका विमानाचा वर्षभराचा खर्च उचलायचा. बदल्यात विमानाशेजारी तुमच्या नावाची पाटी, वर्षभर फुकट प्रवेश आणि एका रविवारी चक्क विमानाच्या आत जाऊन बसायची परवानगी. एरवी आत कुणालाच सोडत नाहीत, दोरीच्या अलीकडून माना उंच करायच्या. लढाऊ विमानं पहिल्याच दिवशी संपली. नाकावर दात रंगवलेलं होतं ते एका दंतवैद्याने घेतलं, त्याला दुसरं शोभलंही नसतं. शेवटी उरलं एकच. दोन पंखे, एकोणीस खुर्च्या, साबणाच्या वडीएवढ्या खिडक्या. जवळपासच्या शहरांमधल्या नोकरदारांना सकाळी न्यायचं आणि संध्याकाळी परत आणून टाकायचं, एवढंच त्याने आयुष्यभर केलं. थोडक्यात, पंख लावलेली मिनीबस. आणि मिनीबस कोण दत्तक घेणार?

आमचे आजोबा.

आजोबा त्या विमानाच्या कंपनीत बावीस वर्षं होते. वैमानिक नव्हे! हे आधीच सांगून टाकते, कारण चौथीत असताना मी वर्गात तशी थाप ठोकली होती आणि बाईंनी त्यांना गणवेशात भाषणाला बोलावलं होतं. आजोबा काउंटरवर होते. पण काउंटर म्हणजे नुसती तिकिटं फाडणं नाही. इतक्या लहान विमानाचा तोल माणसांवर चालतो. म्हणून आजोबा प्रत्येक प्रवाशाला बॅगेसकट काट्यावर उभं करायचे, तक्त्यात आकडा लिहायचे आणि मग कुणी कुठे बसायचं ते ठरवायचे. साहेब मागे, शिपाई पुढे. नवरा तिसऱ्या रांगेत, बायको सातव्या. आजोबा म्हणतात, त्यावरून भांडण कधीच झालं नाही, उलट काही नवऱ्यांनी हळूच आभार मानले. गावातल्या अर्ध्या लोकांचं खरं वजन आजोबांना माहीत होतं आणि त्यांनी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एवढं गुपित तर बँकासुद्धा ठेवत नाहीत.

सवय मात्र गेली नाही. आम्ही गाडीत बसायला निघालो की ते दाराशी उभे राहतात. "तू मागे, उजवीकडे. सूनबाई, तुम्ही पुढे."

"अण्णा, ही गाडी आहे हो," आई म्हणते. आजोबांना सगळे अण्णाच म्हणतात.

"म्हणून काय टायर एका बाजूने झिजवायचे?"

माझी आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. त्यामुळे आमच्याकडे पाहुणा आला की आजोबा मनात त्याचं वजन मांडतात, आई त्याचा नंबर, आणि बिचारा पाहुणा समजतो की घरची माणसं किती आपुलकीने बघताहेत! बाबा कामासाठी बाहेरगावी असतात. मला वाटतं, ते मुद्दाम.

तर असे हे आजोबा, आणि बावीस वर्षांत त्या विमानात ते एकदाही बसले नव्हते. एकदाही! कर्मचाऱ्याला जागा मिळायची ती खुर्ची रिकामी राहिली तर. खुर्ची रिकामी राहिली की तेवढ्या वजनाची पार्सलं चढायची. शिवाय काउंटर सोडून जाणार कोण? मग एक दिवस कंपनीच बंद पडली. विमान संग्रहालयात गेलं, आजोबा घरी आले.

"एकदा आत बसायचंय," फलकाचा फोटो मी दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले आणि वर्तमानपत्र वाचायला लागले. वर्तमानपत्र उलटं होतं.

आईने ते पाहिलं. नवा फ्रिज पुढच्या वर्षी घ्यायचा ठरला. अर्ज मी लिहिला, कारण घरात फक्त माझंच अक्षर वाचता येतं आणि माझा आवाज ऐकावाच लागतो.

आठ दिवसांनी संग्रहालयाच्या संचालकबाईंचा फोन. त्यांचा आवाज असा, की प्रत्येक वाक्य जणू फीत कापूनच बाहेर पडतं. "आपल्या अर्जाचा आम्हाला अतिशय आनंद झाला. फक्त एक छोटीशी गोष्ट. त्याच विमानासाठी आणखी एक अर्ज आलाय."

दुसरा अर्ज होता रंगवाल्यांचा. शहरात भिंती रंगवायच्या असतील तर त्यांच्या दुकानाला वळसा घालून जाता येत नाही. त्यांना विमानाबद्दल काय वाटायचं? काही नाही. पण त्यांची योजना तयार होती. विमानाला बाहेरून लिंबू रंग, त्यांची नवीन छटा. आणि आतल्या एकोणीसच्या एकोणीस खुर्च्या उपटून तिथे रंगांच्या नमुन्यांचं दालन.

"खुर्च्या उपटून?" आजोबांनी तीनदा विचारलं.

"काका, शेवटी वारसा जिवंत ठेवायचा म्हणजे थोडे बदल आलेच," फोनमधून फीत कापली गेली. शनिवारी दोन्ही अर्जदारांनी यावं, विमानापाशी पाच-पाच मिनिटं बोलावं, समिती निर्णय देईल.

शनिवारी शाळेतून रजा घेऊन मी गेले. अर्जात कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक विमान' असं लिहिलं, वर्गशिक्षिकेने दोनदा वाचून सही केली.

संग्रहालय म्हणजे एक अवाढव्य पत्र्याची शेड. आत तेलाचा आणि जुन्या रबराचा वास. समिती म्हणजे संचालकबाई, दोन डुलक्या घेणारे सभासद आणि मध्ये एक फुलदाणी. मतदानाचा अधिकार फुलदाणीला नव्हता, पण चौघांत सर्वांत ताठ तीच बसली होती. विमानांची खरी देखभाल करणारा माणूस मात्र एकच. त्याला सगळे 'पाना' म्हणतात, कारण त्याच्या मागच्या खिशातून पाना कायम डोकावत असतो. आजोबा आणि तो एकमेकांना बघून नुसते मान हलवून हसले. दोन मिनिटांत ते विमानाच्या पोटाखाली वाकून असे काही बोलत होते, की जणू कुणाच्या प्रकृतीची चौकशी चाललीय.

रंगवाले आले ते लग्नाच्या वऱ्हाडासारखे. दुकानातली दहा माणसं, सगळ्यांच्या अंगात लिंबू रंगाचे टी-शर्ट. एक फोटोवाला. एक बॅनर. आणि विमानाच्या आकाराचा केक, अर्थात लिंबू रंगाचा.

"काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं," रंगवाले आजोबांच्या खांद्यावर थोपटत म्हणाले. "हे जाहिरातीचं युग आहे. तुमचं नाव आपण एका छटेला देऊ. 'आजोबा करडा' कसं वाटतं?"

"तुमचं देऊ ना," मी म्हणाले. "'रंगवाले पिवळट'."

आईने माझा दंड दाबला, पण हलकेच. म्हणजे तिची पूर्ण संमती होती.

तेवढ्यात आजोबा विमानाच्या शेपटीपाशी थबकले. "टेकू कुठाय?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या विमानाचं दार मागच्या बाजूला आहे, शेपटीजवळ. माणसं चढताना आधी मागेच गर्दी होते. म्हणून विमान जमिनीवर उभं असताना शेपटीखाली एक लोखंडी टेकू लावून ठेवतात, लाल रंगाचा. पंधरा वर्षं तो तिथे होता. आज तिथे फक्त चौकोनी डाग होता.

पाना खाली बघत म्हणाला, "मॅडमनी काढायला लावला. मी नको म्हणत होतो."

"फोटोत फार वाईट दिसतो हो तो," संचालकबाई म्हणाल्या. "विमान कुबडी घेतल्यासारखं वाटतं. भाषणांआधी रंगवाल्यांना आतबाहेर फोटो काढायचेत, दहा मिनिटांचा तर प्रश्न!"

"मॅडम, इंजिनांच्या आतलं सगळं तुम्ही काढून पलीकडच्या कपाटात मांडलंय. म्हणजे पुढचं वजन गेलं. आता मागे माणसं चढली तर हे शेपटीवर बसेल."

"काका, हे विमान आहे, बाकडं नाही."

दहा लिंबू, रंगवाले, फोटोवाला आणि केक आत चढले. आजोबा म्हणत राहिले, "निम्मे पुढे जा, निम्मे पुढे जा!" कोण ऐकतो? बॅनर मागच्या भिंतीवर लावला होता. केक शेवटच्या रांगेत ठेवला. फोटोवाला पुढे वैमानिकाच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "सगळे मागे! अजून मागे! चिकटून बसा, हसा!"

ते हसले असतील, पण ते बघायला मिळालं नाही. विमानाने आधी एक सुस्कारा टाकला. मग त्याचं पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं, अगदी सावकाश, एखाद्या जाड बाईने सोफ्यावर टेकावं तसं. शेपूट खाली, नाक वर. 'टक्क' असा आवाज झाला, दाराचा जिना जमिनीत दाबला गेला. आतून फोटोवाला घसरगुंडीवरून यावा तसा मधल्या वाटेने मागे आला आणि केकमध्ये उतरला. संपूर्ण संग्रहालयात त्या दिवशी झालेलं हे एकमेव उड्डाण.

फुलदाणीशेजारचे दोघे सभासद जागे झाले.

आतून आरडाओरडा सुरू झाला. दाराशी रंगवाले दिसले, एका भुवईवर क्रीम. "बाजूला व्हा, मी उडी मारतो!"

"अजिबात नाही!"

हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. आमचे आजोबा घरी मीठ मागतानासुद्धा 'असेल तर' म्हणतात. पण हा आवाज काउंटरचा होता.

"कुणीही उतरायचं नाही. तुम्ही उतरलात की मागचं वजन जाईल, नाक धाडकन आपटेल आणि पुढच्या चाकाची दांडी मोडेल. आत कुणाची तरी मान मोडेल ती वेगळी. जागचे हलू नका."

संचालकबाईंनी तोंडावर हात ठेवला होता. विमान गेलं तर त्यांची खुर्ची जाणार हे माझ्यासुद्धा लक्षात आलं.

"पाना, शेपटीच्या कडीला दोर बांध." पाना आधीच दोर घेऊन वाकलेला. "सूनबाई, पोरी, धरा. मॅडम, तुम्हीही या. ही माणसं पुढे सरकतील तसं नाक खाली यायला बघेल. आपण दोर ओढून धरायचा आणि इंचाइंचाने सोडायचा. मॅडम, तुमचं वजन?"

"हा काय प्रश्न झाला?"

"दोराला खोटं चालत नाही."

संचालकबाई आजोबांच्या कानाशी वाकल्या. त्यांनी मान डोलावली, चेहऱ्यावर रेषही हलली नाही. मग मला म्हणाले, "तू मॅडमच्या मागे उभी राहा." बस्स. आकडा मला आजतागायत कळलेला नाही, आणि विचारायची सोय नाही.

मग आजोबा जिन्यापाशी उभे राहिले आणि आतल्या माणसांना एकेक करून पुढे धाडायला लागले. नुसतं बघून! "चष्मेवाले, तुम्ही पहिले. छप्पन किलो ना? जा, दुसऱ्या रांगेपर्यंत, सावकाश, खुर्च्या धरून. आता टोपीवाले. एकसष्ट. चौथी रांग. थांबा! पोरी, दोर सोड. थोडाच. धरा!"

माझ्या तळहातांची सालं निघत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. दोर धरून हसलं की दोरही हसतो, हे तेव्हा कळलं. आई म्हणाली, "हसू नकोस गं, मलाही येतंय."

"मी आधी जातो," रंगवाले आतून म्हणाले. "मी इथला प्रमुख पाहुणा आहे."

"तुम्ही सगळ्यांच्या शेवटी. सध्या तुमच्याच भरवशावर शेपूट खाली आहे. ब्याण्णव किलो."

"पंच्याऐंशी!"

"बुटांसकट ब्याण्णव. केक त्यात धरलेला नाही."

आत कुठला तरी लिंबू खुदकन हसला आणि लगेच खोकला.

एकेक माणूस पुढे गेला. नाक खाली येत गेलं, आम्ही दोर सोडत गेलो. शेवटी रंगवाले, क्रीम, बॅनर असं सगळं तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलं आणि पुढचं चाक जमिनीला टेकलं. आवाजही झाला नाही. पानाने टेकू सरकवला, दोनदा हलवून पाहिला, मग शेपटीवर हात फिरवला. एक ओरखडा, बाकी काही नाही.

माणसं उतरली. शेवटचा लिंबू उतरल्यावर आजोबांनी कपाळ पुसलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"नको! कुणीही नको!" संचालकबाई धावत आल्या. "आता आत कुणालाही प्रवेश नाही. आजपासून कायमचा बंद. पाना, दोरी लावा!"

आजोबांनी पाय खाली घेतला. बरोबरच आहे म्हणाले. त्यांना सगळंच बरोबर वाटतं, हाच त्यांचा आजार.

सोमवारी रंगवाल्यांनी जाहीर केलं, की ज्येष्ठांचा मान राखून ते मोठ्या मनाने आपला अर्ज मागे घेत आहेत. त्यांनी प्रवेशद्वाराजवळचं रॉकेट घेतलं. सिमेंटमध्ये पुरलेलं आहे ते, चारी बाजूंनी बोल्ट. आता लिंबू रंगाचं आहे. दुरून एखाद्या राक्षसाची औषधाची बाटली वाटते.

आम्हाला पत्र आलं. विमान आमचं! अभिनंदन वगैरे, सोबत अटींचा छापील कागद. त्यातलं चौथं कलम, आत बसायच्या परवानगीचं, पेनने खोडलेलं आणि बाजूला बाईंची सही. एवढी सरळ रेघ, नक्की पट्टी लावली असणार.

"असू दे," आजोबा म्हणाले. "खुर्च्या तर वाचल्या."

"नाही असू देणार," मी म्हणाले.

गेल्या वर्षीपर्यंत मी दुकानात सुटे पैसे मागतानासुद्धा आईला पुढे करायचे. पण ज्या बाईने माझ्यापुढे उभं राहून दोर ओढलाय, तिला काय घाबरायचं? मी कागद घेऊन थेट कार्यालयात. नववं कलम बोटाने दाखवलं: 'दत्तक घेणाऱ्याने विमानाच्या अंतर्बाह्य स्वच्छतेस हातभार लावावा.'

"अंतर्बाह्य, मॅडम," मी म्हणाले. "बाहेरून आम्ही पुसू. आतून कोण पुसणार? केक अजून आतच आहे."

संचालकबाईंनी चष्मा काढला. आई म्हणाली असती, नंबर वाढलाय. "मुलांनी आत जायचं नाही."

"मी कुठे जाते? आजोबा जातील. विमान कसं हाताळायचं ते त्यांच्याइतकं कुणाला कळतं? तुम्हीच बघितलंत."

"फक्त सफाई. टेकू लावलेला असताना. पाना बरोबर असताना. आणि बसायचं नाही. खुर्च्या जुन्या आहेत."

"बसायचं नाही," मी मान डोलावली. इतकी गरीब मान मी परीक्षेच्या निकालालासुद्धा डोलावलेली नाही.

पुढच्या रविवारी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. सफाईला! हातात बादली, खांद्यावर फडकं. पानाने टेकू तपासला, दोरी सोडली. आजोबा जिना चढले, दाराच्या चौकटीला हात लावून एक क्षण थांबले आणि वाकून आत गेले, मागोमाग पाना. मी बाहेर, खालच्या पायरीपाशी. तिथून आतलं सगळं दिसत होतं.

त्यांनी खरोखरच सफाई केली. शेवटच्या रांगेतलं क्रीम खरवडलं, खिडक्या पुसल्या, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवरून फडकं फिरवलं. पण बसले मात्र नाहीत. बसायचं नाही असं सांगितलं होतं ना! मी खालून डोळ्यांनी खुणा करून थकले. शेवटी पानाने पुढच्या रांगेतला एक पट्टा हातात घेऊन पाहिला.

"अण्णा, हे पट्टे तपासायचेत. माझ्या यादीत आहे, दर सहा महिन्यांनी."

"तपासा की."

"नुसते खेचून नाही कळत. माणसाला बांधूनच बघावे लागतात. मी बसलो तर नोंद कोण करणार?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अत्यंत गंभीर चेहऱ्याने छताकडे बघत होते. त्यांनी फडकं घडी करून बादलीच्या कडेवर ठेवलं, हात पँटला पुसले, आणि बसले. पानाने पट्टा लावला. खटका वाजला.

शेडमध्ये कुठेतरी एक सहल मोठ्याने विमानं मोजत होती.

"अगं," आजोबा आतून म्हणाले, "इथे पाय कुठे ठेवायचे?"

"काय झालं?"

"गुडघे छातीला लागताहेत. आणि ही खिडकी बघ, एक डोळा लावला तर दुसऱ्याला जागा नाही." त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. "बावीस वर्षं मी लोकांना सांगत होतो, साहेब, एकदम आरामात जाल."

"कुणी तक्रार नाही केली?"

"एकानेही नाही." त्यांनी पोटावरचा पट्टा सारखा केला. "चांगली माणसं होती सगळी."

पानाने यादीवर खूण केली. "हा ठीक आहे, अण्णा. झालं."

"झालं कसं?" आजोबांनी पट्टा सोडला, उठून पलीकडच्या खुर्चीत बसले आणि दुसरा पट्टा पोटावर ओढून घेतला. "अजून अठरा आहेत."